पहिल्या वर्षाला सी की पायथॉन? आणि पोरं कामाला तयार का वाटत नाहीत?

प्रयोगवही · सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

अमरावती जिल्ह्यातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली १४ वर्षं शिकवतो आहे. पुढच्या महिन्यात आमच्या अभ्यास मंडळाची बैठक आहे. पहिल्या वर्षाला सगळ्या शाखांना कुठली प्रोग्रॅमिंग भाषा शिकवायची, हा विषय पत्रिकेवर पहिलाच आहे. सध्या सी आहे. निम्मे सहकारी म्हणतात राहू द्या, एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात सी आहे, गेट परीक्षेच्या कॉम्प्युटरच्या पेपरात सी आहे. उरलेले म्हणतात, पुणे विद्यापीठाने २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाला पायथॉन आणलं, सीबीएसईची मुलं बारावीला पायथॉन करून येतात, मग आपणच का अडून बसायचं?

मला मात्र वेगळंच काही खुपतंय. मागे एक माजी विद्यार्थी भेटला, पुण्यात नोकरीला आहे. म्हणाला, "सर, पहिले सहा महिने रोज वाटायचं, उद्या काढून टाकतील." हा पोरगा वर्गात दुसरा होता. सी येत होती, जावा येत होती, मार्क ८० च्या वर. मग चार वर्षं आम्ही त्याला शिकवलं तरी काय? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तर विचारतो. तुमच्याकडे नवीन लागलेल्या मुलांचं नेमकं कुठे अडतं? आणि तुम्ही स्वतः नवीन होतात तेव्हा तुमचं कुठे अडलं होतं? भाषेवर मत जरूर द्या, पण अनुभवासकट द्या. बैठकीत मला ते मांडायचं आहे.

कडा आणि कपार · सोमवार, रात्री ९.३१

सी. पाया तोच आहे. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कळला की बाकी सगळ्या भाषा महिनाभरात येतात.

निशिगंध · सोमवार, रात्री १०.०५

पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत ११ वर्षं मुलाखती घेतेय. जे दिसतं ते सांगते.

मी मुलाखतीत प्रोग्रॅम लिहायला लावत नाही, वाचायला देते. वीसेक ओळींचा असतो. एक नेहमीचा सांगते: एका मुलाच्या ५ विषयांच्या गुणांची बेरीज करायची आणि सरासरी छापायची. बेरीज ३६८ येते, ती बरोबर आहे. सरासरी ज्या व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायच्या खणात) ठेवली तो फ्लोट, म्हणजे दशांश ठेवणारा आहे. छापून येतं ७३.००. यायला हवं ७३.६०. का? (ज्यांना येतं त्यांनी इथे लगेच सांगू नका, कोणी विद्यार्थी वाचत असतील तर त्यांना विचार करू द्या.)

दहातली सहा-सात मुलं काय करतात माहितीये? प्रोग्रॅम बाजूला सारतात आणि म्हणतात, "मॅम, मी नवीन लिहून दाखवू का?" लिहितात, आणि तीच चूक परत करतात! त्यांना येत नाही असं नाही. दुसऱ्याने लिहिलेलं वाचून त्यात काय बिघडलंय ते शोधायची वेळ कधी आलेलीच नसते. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून तेच काम असतं. नवीन मुलाला कोरी फाइल कोण देणार? त्याला आठ-दहा वर्षांचा कोड मिळतो, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले, आणि एक तक्रार मिळते की अमुक ठिकाणी आकडा चुकतोय.

सी शिकून आलेल्यांत आणि पायथॉन शिकून आलेल्यांत याबाबतीत मला काही फरक दिसला नाही.

चहाबाज · सोमवार, रात्री १०.२०

वाचतोय. चहा ठेवलाय. हा धागा शंभरी गाठणार.

टर्बोकाळ · सोमवार, रात्री ११.०२

टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरची ती निळी खिडकी अजून स्वप्नात येते. कंट्रोल एफ-नाइन, मग काळा पडदा, मग तो पडदा थांबवून धरणारं 'गेटच'!

आमचा एक किस्सा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही वीजबिलाचा प्रोग्रॅम केला होता. एक्सटर्नल सरांनी सहज ४०००० युनिट टाकून बघितले. बिल आलं उणे! आम्ही चौघं एकमेकांकडे बघतोय. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा खण, १६ बिटांचा, ३२७६७ च्या वर गेला की फिरून ऋण बाजूने येतो, ४०००० चे होतात उणे २५५३६. आम्हाला तीन वर्षांत कोणी हे सांगितलं नव्हतं. सरांनी मार्क कापले नाहीत, खुर्ची ओढून अर्धा तास फळ्यावर बायनरी काढून समजावलं. त्या अर्ध्या तासात मी जेवढं शिकलो तेवढं अख्ख्या सत्रात शिकलो नव्हतो. आज ते सर नाहीत. हा प्रतिसाद त्यांच्यासाठी.

म्हणून माझं मत सीलाच. पायथॉनमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो, आकडा कुठे साठतो हे मुलांना कळणारच नाही.

उंबरठा · मंगळवार, सकाळी ७.४८

टर्बोकाळ, किस्सा फार आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. तुम्ही सी शिकलात असं म्हणताय ना? टर्बो शिकलात. दोन्हींत फरक आहे. तो कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) १९९० च्या आसपासचा, डॉस या जुन्या प्रणालीसाठी केलेला. आजच्या यंत्रावर त्याला चालवायलाच डॉसबॉक्स लागतं. व्हॉइड मेन, कोनिओची फाइल, पडदा पुसायचं क्लिअर-स्क्रीन, यातलं काहीही सीच्या प्रमाणात, म्हणजे अधिकृत स्टँडर्डमध्ये, बसत नाही. सी प्लस प्लसचं पहिलं प्रमाण १९९८ चं. त्यात आयोस्ट्रीम या फाइलच्या नावामागचं 'डॉट एच' गेलं. आमच्या कॉलेजात त्यानंतर कितीतरी वर्षं ते लिहिलं नाही तर मार्क कापायचे.

त्याहून वाईट ते 'गेट्स'. वाचायचा मजकूर किती लांब असेल याची त्याला फिकीरच नसते, जागा संपली तरी लिहीत सुटतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला, त्याची एक वाट नेमकी याच 'गेट्स'मधून गेली होती. सीच्या २०११ च्या प्रमाणातून 'गेट्स' काढूनच टाकला. आणि मी आमच्या शेजारच्या मुलीच्या जर्नलमध्ये तो गेल्या वर्षी पाहिला, लाल पेनाने 'बरोबर' केलेला.

सी शिकवा, पण आजची शिकवा. लिनक्स आणि जीसीसी हा कंपायलर, दोन्ही फुकट आहेत.

टर्बोकाळ · मंगळवार, सकाळी ८.१५

मान्य. एक भर घालतो. इफच्या अटीत दोन बरोबर-चिन्हांऐवजी (दोन म्हणजे तुलना, एक म्हणजे किंमत ठेवणं) एकच पडलं, तर तो जुना टर्बोसुद्धा इशारा द्यायचा की इथे बहुधा चूक आहे. आम्हीच एंटर दाबून पुढे जायचो. इशारे वाचायचे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं.

लातूरची लेक · मंगळवार, दुपारी १.१०

टर्बोकाळ यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं. मी इथे बहुतेक वाचतेच, आज लिहिते.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं, बारावीला विज्ञान कसंबसं इंग्रजीतून केलं. पहिल्या वर्षाला लॅबमध्ये पडद्यावर आलं, 'एलव्हॅल्यू रिक्वायर्ड'. मला वाटलं संगणकच बिघडला. हात वर करायची लाज वाटायची. शेजारची मुलगी शहरातली, तिचा प्रोग्रॅम चालायचा, मी तो उतरवून घ्यायचे. माझाही चालायचा आणि माझ्या जर्नलवर सही व्हायची. दोन सत्रं अशीच गेली. बाबा फोनवर विचारायचे, "कसं चाललंय गं?" मी म्हणायचे, चांगलं.

तिसऱ्या सत्रात एका सीनियर ताईने मला लॅबच्या कोपऱ्यात रडताना पाहिलं. ती म्हणाली, एक वही कर. एका पानावर एकच चूक. वर पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा उतरव, खाली त्याचा अर्थ आपल्या भाषेत, आणि त्याच्या खाली, तू काय केलं होतंस म्हणून तो आला. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: "बरोबर-चिन्हाच्या डाव्या बाजूला अशी वस्तू हवी जिच्यात काही ठेवता येईल. मी तिथे बेरीजच लिहिली होती." एवढं कळल्यावर इतका आनंद झाला की ताईला चहा पाजला.

वर्षभरात साठेक पानं झाली. जोडीला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतून पाहिले, ते फार उपयोगी पडले. आज हिंजवडीत आहे, टीममध्ये लॉग (प्रोग्रॅम चालताना झालेल्या नोंदी) वाचायचं काम माझ्याकडे आपसूक येतं. ती वही अजून कपाटात आहे.

सर, तुमच्याकडे माझ्यासारख्या खूप मुली असतील. त्या विचारणार नाहीत. तुम्हीच त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचा.

निशिगंध · मंगळवार, दुपारी १.२५

लातूरची लेक, डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या नव्या मुलांना ही वही करायला सांगणार आहे.

कडा आणि कपार · मंगळवार, दुपारी २.००

वाचनखूण साठवली.

प्रयोगवही · मंगळवार, रात्री ८.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरची लेक, तुमचा प्रतिसाद मी विभागात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे धारणी-चिखलदऱ्याकडची मुलं येतात, घरी कोरकू बोलतात, त्यांना मराठीही दुसरीच भाषा. इंग्रजी तिसरी. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, ते चांगलंच झालं, पण कंपायलर बोलणार इंग्रजीतच. तो कसा ऐकायचा हे शिकवावं लागेल.

उंबरठा, तुमचंही बरोबर. आमच्या एका लॅबमध्ये टर्बो अजून आहे, कारण जर्नलमधले सगळे प्रोग्रॅम त्यावर 'तपासलेले' आहेत. बदलायचे तर नव्या प्रिंट काढाव्या लागतात.

गणित निवृत्त · बुधवार, सकाळी ६.३०

थोडं विरोधी लिहितो, राग मानू नये.

विद्यापीठाचं काम कंपन्यांना तयार माणूस पुरवणं आहे का? नोकरीच्या जाहिराती बघून अभ्यासक्रम ठरवू लागलो तर दर तीन वर्षांनी नवी भाषा आणावी लागेल. मी पास्कल शिकवलं आहे. निक्लाउस वीर्थ यांनी १९७० च्या सुमारास ती मुद्दाम शिकवण्यासाठी घडवली. बाजारात तेव्हाही तिला फारसं कोणी विचारत नव्हतं. माझे त्या वेळचे विद्यार्थी आज पन्नाशीला आले, अजून याच क्षेत्रात उत्तम काम करताहेत. त्यांना मी काय दिलं? लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) संपेल याची खात्री कशी करायची, मोठा प्रश्न तोडायचा कसा, हे दिलं.

एमआयटीचं उदाहरण नेहमी उलटं दिलं जातं. तिथे १९८० च्या दशकापासून पहिला अभ्यासक्रम स्कीममध्ये होता, तीही बाजारात न चालणारी भाषा. २००० नंतरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी तो बंद करून पायथॉन घेतलं. नोकऱ्यांच्या जाहिराती हे त्याचं कारण नव्हतं. तो अभ्यासक्रम घडवणारे सस्मन सर म्हणत की पूर्वी अभियंता नीट कळलेल्या लहान भागांतून मोठी वस्तू बांधायचा, आता त्याला दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची, पूर्ण न कळलेली मोठमोठी लायब्ररी हाताळून, ती कशी वागते ते चाचपून पाहावं लागतं, म्हणून पहिला धडाही बदलायला हवा. बदल करावा तर असा, विचाराने.

निशिगंध · बुधवार, सकाळी ९.५०

सर, तुमचा आदर ठेवून सांगते, तुमच्या शेवटच्या परिच्छेदात माझंच म्हणणं आहे. 'पूर्ण न कळलेली वस्तू चाचपून पाहणं', मुलांचं नेमकं तिथेच अडतं. आम्ही आयती फ्रेमवर्क येणारी मुलं मागत नाही, ती आम्ही शिकवतो. मैसूरला इन्फोसिसचं एवढं मोठं प्रशिक्षण केंद्र उगीच आहे का? कंपन्या महिनोन्‌महिने शिकवतातच. पण चाचपून पाहायची सवय तीन महिन्यांत लागत नाही. ती १८-१९ वर्षांच्या वयात लागली तर आयुष्यभर राहते.

गणित निवृत्त · बुधवार, सकाळी १०.१५

मग आपलं भांडण नाहीच.

मेनफ्रेमवाला · बुधवार, रात्री ९.२२

बँकांच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांवर, २२ वर्षं काढली. कोबॉल. जिच्यावर १९५९ साली काम सुरू झालं ती भाषा. मी ज्यावर काम करतो त्यातले काही प्रोग्रॅम माझ्या नोकरीपेक्षा जुने आहेत आणि रोज रात्री लाखो खात्यांचं व्याज अजून तेच काढतात.

आमच्याकडे येणाऱ्या एकाही पोराला कॉलेजात कोबॉल शिकवलेलं नसतं, आणि त्याने काही अडत नाही. मागे एका बॅचमध्ये सगळ्यात पुढे कोण गेलं? एक मुलगा, बी.कॉम. करून नंतर एमसीए केलेला. त्याला व्याज कसं मोजतात ते माहीत होतं. प्रोग्रॅम वाचताना तो विचारायचा, "इथे पैसे खाली का पूर्णांकित केले? ग्राहकाचं नुकसान होतंय." बाकीची मुलं वाक्यरचनेत अडकलेली असताना हा कामाचा अर्थ लावत होता.

दुसरं म्हणजे लिहिणं. बदल केला की तो का केला, कोणी सांगितला, परत कसा फिरवायचा, हे चार ओळींत लिहून ठेवावं लागतं. इंजिनिअर मुलं इथे फार कच्ची असतात. मराठीत सांग म्हटलं तरी सांगता येत नाही.

चहाबाज · बुधवार, रात्री ९.४०

अवांतर: परीक्षेत कागदावर प्रोग्रॅम लिहायचा प्रकार बंद करा अशी माझी जाहीर मागणी. ती हिरवी फ्लोचार्टची पट्टी आठवते का? माझ्या पट्टीतला समभुज चौकोन तुटला होता, म्हणून मी अट असलेला प्रश्नच ऑप्शनला टाकायचो!

उंबरठा · बुधवार, रात्री ९.५५

हाहा! कागदाला अनुमोदन नाही.

लातूरची लेक · बुधवार, रात्री १०.१०

मला मात्र कागदाने तारलं. अख्खा प्रोग्रॅम पाठ करून पेपरात उतरवायचा, हे वाईटच. पण ड्राय रन? वर रकान्यांत व्हेरिएबलची नावं, खाली एकेका फेरीला त्यांच्या किमती. आजही गुंतलेला लूप आला की मी कागद ओढते.

सीडॅकची · गुरुवार, सकाळी ११.०५

पदवीनंतर मी पुण्यात सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा डॅक हा अभ्यासक्रम केला. सकाळी ८ ला जायचं ते रात्री लॅब संपवून यायचं. तिथे नवीन भाषा शिकलेच, पण बदल घडवला तो रोजच्या लॅबने. दिवसभराचा कोड संध्याकाळी दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्याचा आपण घ्यायचा.

एक मनातलं बोलते. चार वर्षांची फी भरल्यावर घरच्यांनी ही फीसुद्धा भरली, आईने पाटल्या मोडल्या. जे सहा महिन्यांत जमलं ते चार वर्षांत का जमू नये? माझ्या कॉलेजात तेव्हा अॅपलेट (ब्राउझरमध्ये चालणारे जावाचे छोटे प्रोग्रॅम) शिकवत होते. क्रोमने २०१५ मध्ये त्यांना लागणारी सोय बंद केली, जावा ९ ने २०१७ मध्ये ते कालबाह्य ठरवले, आणि आम्ही २०१८ मध्ये अॅपलेटचं जीवनचक्र आठ मार्कांसाठी पाठ करत होतो. शिकवणाऱ्या मॅडमना दोष देत नाही, त्या स्वतः तासिका तत्त्वावर, तीन कॉलेजांत धावायच्या. सर, बैठकीत हेही मांडा. ज्यांची नोकरीच पक्की नाही त्यांनी दरवर्षी नवं कधी शिकायचं?

प्रयोगवही · गुरुवार, दुपारी ४.३०

मांडतो. शब्द दिला.

वॉटर्लूकर · गुरुवार, रात्री ११.४८

कॅनडातून. इथलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली सुरू झालं तेच को-ऑप पद्धत घेऊन. चार महिने वर्ग, चार महिने पगारी नोकरी, परत वर्ग. पदवी व्हायला पाचेक वर्षं लागतात, पण मुलगा बाहेर पडतो तेव्हा पाच-सहा ठिकाणी काम करून आलेला असतो. माझा मुलगा पहिल्या टर्मवरून परतला तेव्हा म्हणाला, "बाबा, आता कळलं गिट कशाला शिकवतात." आधी गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, त्याच्यासाठी पाठ करायचे चार कमांड होते.

भारतात हे जसंच्या तसं होईल असं म्हणत नाही. वॉटर्लूच्या आजूबाजूला कंपन्या आहेत, धारणीच्या आजूबाजूला नाहीत.

फोंडेकर · शुक्रवार, सकाळी ८.२०

देव बरें करूं! गोव्यात आमची १२ जणांची कंपनी आहे, हॉटेलांची सॉफ्टवेअरं करतो. दर वर्षी दोन विद्यार्थी घेतो. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आली तेव्हापासून मुलं पत्र घेऊन येतात. काही जण नुसतं प्रमाणपत्र मागतात, त्यांना नाही म्हणतो. बसतात त्यांना पहिल्या आठवड्यात हॉटेलच्या काउंटरवर उभं करतो, बिल कसं फाडतात ते बघायला. मेनफ्रेमवाल्यांनी लिहिलंय तेच, काम कळलं पाहिजे. अमरावतीत हॉटेलं आहेत, दवाखाने आहेत, जिनिंग मिल आहेत, बाजार समिती आहे. कंपनीच कशाला हवी?

प्रयोगवही · शुक्रवार, सकाळी ९.०५

फोंडेकर, बाजार समिती! हे मला १४ वर्षांत सुचलं नाही. आमच्या निम्म्या पोरांचे वडील तिथे सोयाबीन घेऊन जातात.

तिसरं वर्ष नाशिक · शुक्रवार, रात्री ११.५८

मी विद्यार्थिनी आहे, आयटी, तिसरं वर्ष. सगळा धागा वाचला आणि भीती वाटली. खरं सांगू? आमच्या वर्गात आता जर्नलही चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. मीपण घेते. सबमिशनला दोन दिवस, नऊ प्रॅक्टिकल, काय करणार? व्हायवाला विचारतात ते पाठ करते. मार्क चांगले आहेत. पण निशिगंध मॅमचा प्रश्न वाचून अर्धा तास बसले, मला आलं नाही. मग चॅटजीपीटीला विचारणार होते, आणि विचारलं नाही.

आता उशीर झालाय का?

लातूरची लेक · शनिवार, सकाळी ७.१५

अजिबात नाही गं. मी तिसऱ्या सत्रात वही सुरू केली होती, तू पाचव्यात कर. विचारलं नाहीस हेच खूप आहे.

निशिगंध · शनिवार, सकाळी ९.३०

बाळा, अजिबात उशीर झालेला नाही. ते साधन वापरूच नकोस असं मी म्हणणार नाही, आम्हीही ऑफिसात वापरतो. पण ते जे लिहून देतं ते बरोबर आहे का, हे ठरवणारं कोणीतरी लागतं. पगार त्याचा मिळतो. माझ्या प्रश्नासाठी एक खूण देते. सरासरी ज्यात ठेवली त्याकडे बघू नकोस. भागाकार होतो त्या क्षणी कोणत्या दोन गोष्टी समोरासमोर आहेत, ते बघ. आणि कागद घे.

सिव्हिलवाला सातारकर · शनिवार, दुपारी १२.१०

एक राहून जातंय. प्रयोगवही सरांनी 'सगळ्या शाखांना' लिहिलंय. मी सिव्हिलचा. पहिल्या वर्षाला सी घेतली, केटी लागली, सुटली, विसरलो. आज धरणाच्या पाणीपातळीचे रोजचे आकडे माझ्याकडे एक्सेलमध्ये येतात. ते एकत्र करायला मी चाळिशीत पायथॉन शिकलो, दोन आठवड्यांत उपयोगाला लागलं. पॉइंटर मला आयुष्यात कधी लागला नाही. आमच्यावर सी का?

कडा आणि कपार · शनिवार, दुपारी १२.२५

हे मात्र खरं. पहिल्या प्रतिसादात मी फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा विचार केला होता. मत बदलतो: इतर शाखांना पायथॉन.

प्रयोगवही · पुढचा गुरुवार, रात्री ९.४५

मंडळी, आठवडाभर गायब होतो, कारण एक प्रयोग केला.

आज पहिल्या वर्षाची २० मुलांची लॅब होती. नवीन प्रोग्रॅम लिहायला दिला नाही. निशिगंध यांचाच गुणांचा प्रोग्रॅम थोडा वाढवून ६० ओळींचा केला आणि त्यात तीन चुका पेरल्या. एक तुमची सरासरीची. दुसरी, ५ खणांच्या अॅरेवर (सीमध्ये खण ० पासून मोजतात) लूप ० ते ४ ऐवजी १ ते ५ फिरवला. तिसरी, ३५ गुणांच्या अटीत एकच बरोबर-चिन्ह, म्हणजे सगळेच पास. जीसीसी लावला, सगळे इशारे चालू केले. वेळ दोन तास.

पहिल्या अर्ध्या तासात १३ मुलांनी प्रोग्रॅम पुसला आणि आपला नवीन लिहायला घेतला. तुम्ही सांगितलं होतंत तरी डोळ्यांनी बघून धक्का बसला. मी थांबवलं आणि लातूरच्या लेकीने सांगितलं तसं एकेकाच्या शेजारी बसून पडद्यावरचा इशारा मोठ्याने वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. तिसरी चूक त्यानंतर बहुतेकांना सापडली. लूपच्या चुकीवर जीसीसी चकार शब्द बोलला नाही, चुकीचा आकडा दाखवून मोकळा झाला. ती सापडली एका मुलीला. मेळघाटातली आहे, वर्गात कधी बोलत नाही. तिने वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले होते. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, "कुणी नाही सर, दुकानाच्या खात्यात असंच लिहितो."

दोन तास संपले तरी कोणी उठेना. १४ वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

तर बैठकीत मांडणार ते असं. प्रॅक्टिकलच्या ५० गुणांपैकी २० गुण बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करण्याला, तेही चूक काय होती हे चार ओळींत, हव्या त्या भाषेत लिहून. टर्बो जाणार. प्रिंटचं जर्नल जाऊन चुकांची वही येणार. भाषेचं म्हणाल तर कॉम्प्युटर-आयटीला सी ठेवावी आणि दुसऱ्या सत्रात तेच प्रोग्रॅम पायथॉनमध्ये करून घ्यावेत. इतर शाखांना थेट पायथॉन, आणि आकडे त्यांच्या शाखेचे. सातारकर, पाणीपातळीचा नमुना पाठवता का?

उंबरठा · पुढचा गुरुवार, रात्री १०.०२

चुकांचे संच मी करून देतो. सीचे पंचवीस, महिनाअखेरपर्यंत.

गणित निवृत्त · पुढचा शुक्रवार, सकाळी ६.१०

कॉम्प्युटरला आधी पायथॉन आणि मग सी असा क्रम मला अधिक बरोबर वाटतो. आधी विचार बांधावा, मग यंत्र उघडून दाखवावं. पण २० गुणांच्या प्रस्तावासाठी मी स्वतः अमरावतीला येऊन बोलायला तयार आहे.

निशिगंध · पुढचा शुक्रवार, सकाळी ९.१५

आणि मी एक्सटर्नल म्हणून येते. तारीख कळवा, रजा टाकते.

सिव्हिलवाला सातारकर · पुढचा शुक्रवार, सकाळी ९.४०

संपर्कातून तुमचा पत्ता मागवलाय सर. आकडे तसेच कच्चे पाठवतो, मधले काही दिवस गाळलेले आहेत, एके ठिकाणी दोनदा नोंद झाली आहे. दुरुस्त करून पाठवत नाही, मुलांना शोधू द्या.

तिसरं वर्ष नाशिक · पुढचा शुक्रवार, रात्री १०.३०

निशिगंध मॅम, सापडलं! बेरीज इंट आहे आणि ५ पण इंट आहे. इंटला इंटने भागलं की उत्तर इंटच, ७३. दशांश तिथेच गेला, फ्लोटमध्ये ठेवेपर्यंत उरलाच नव्हता. ५ च्या जागी ५.० लिहिलं की ७३.६०. मग पायथॉनमध्ये करून बघितलं तर तिथे आपोआप ७३.६ आलं. लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात मात्र पायथॉनमध्येही ७३ येईल असं दिलंय, तर ते पायथॉन २ चं निघालं.

वहीचं पहिलं पान झालं.